लाल ठिपक्यावरचे बटण

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, गोदी कामगारांच्या युनियनचा एके काळचा वक्ता, सध्याचा उद्योग खोकणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी आज सकाळी वार आणि तारीख विचारून तशी खात्री करून घेतली. कोणाचा दबाव नाही. दबाव आणून माझ्याकडून काही लिहून घेता आले असते, तर ते मालकांनी केव्हाच घेतले असते. यापूर्वीची माझी दोन मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती मृत्युपत्रे नव्हती, भाषणे होती.

एक. राहते घर मुलीला. जावईबापूंनी मागच्या महिन्यात पुढच्या खोलीच्या भिंती टेपने मोजल्या. मी तेव्हा झोपलो नव्हतो. बँकेत जे उरले असेल ते नातीच्या शिक्षणाला.

दोन. पुस्तकांची चार कपाटे युनियनच्या वाचनालयाला. कुलपात ठेवू नयेत. समासात मी जिथे जिथे 'साफ चूक' असे लिहिले आहे, तिथे निम्म्या वेळा लेखकच बरोबर होता. हे मला फार उशिरा कळले. माझा फोटो लावू नये. आमचा सेक्रेटरी, ज्याला सगळे 'ठराव' म्हणतात, तो लावल्याशिवाय राहणार नाही. निदान हात उंचावलेला तरी लावू नये.

तीन. होडी, तिचे इंजिन, टपावरचे दोन भोंगे आणि बाकाखालच्या पेटीतला ॲम्प्लिफायर माझ्या धाकट्या भावाला. का, ते सविस्तर लिहितो, कारण त्यासाठीच हा कागद घेतला आहे.

गोदीच्या फाटकासमोर सभेला बंदी आली, तेव्हा आम्ही होडीवरून बोलू लागलो. जमीन मालकांची होती, पाणी नव्हते. मी माईक घेऊन उभा आणि धाकटा पेटीजवळ उकिडवा, अशी अकरा वर्षे गेली. दर सभेआधी तो आवाज लावी. गेनचे, म्हणजे आवाजाच्या जोराचे, बटण पार खाली आणायचे, मला पूर्ण जोरात बोलायला लावायचे, आवाज फाटू लागेपर्यंत बटण चढवायचे आणि किंचित मागे घ्यायचे. मग फिल्टर. भोंग्याला जाड स्वर सोसत नाहीत. ते अडवून फक्त वरचे स्वर त्याच्याकडे सोडायचे, हे फिल्टरचे काम. डोळे मिटून, कान देऊन तो ते बटण केसभर इकडेतिकडे करी. दोन्ही मनासारखी बसली, तेव्हा त्याने माझ्या बायकोकडून नेलपॉलिशची बाटली मागून घेतली आणि दोन्ही बटणांसमोर लाल ठिपके दिले.

मला त्या भोंग्यातून माझा आवाज पातळ वाटे. पत्र्याचा डबा बोलतोय, असे मी चारचौघांत म्हणायचो. तो एवढेच म्हणे, "दादा, लोकांना शब्द ऐकू येऊ देत. वजन शब्दांत असतं ना?" हे वाक्य माझ्याच एका भाषणातले होते. त्याने ते खरे मानले होते.

एकोणीस वर्षांपूर्वी, संपाच्या बेचाळिसाव्या दिवशी, संप चालू ठेवायचा की नाही यावर धक्क्यावर हात वर करून कौल व्हायचा होता. धाकटा दोर सोडवायला पुढे गेला आणि मी फिल्टरचे बटण खाली पिळले. आवाज भरदार झाला. दहा मिनिटे मी स्वतःच्याच प्रेमात होतो. मग एक भोंगा कडाडला, पाठोपाठ दुसरा, आणि दोन्ही मुके झाले. दोन हजार माणसे आणि समोरून वारा. तेवढ्यात फाटकावरून मालकांच्या माणसाने सांगितले, की उद्या येईल त्याची नोकरी शाबूत. त्याचा भोंगा चालू होता. तीन दिवसांत संप मोडला.

दुसऱ्या दिवशी युनियनच्या कचेरीत मी सगळ्यांसमोर म्हणालो, "भोंगे आपोआप जळत नाहीत. मालकांनी काय दिलं, ते याला विचारा." धाकटा चिडला नाही. "पेटी उघडून बघू," म्हणाला. "ठिपके खोटं बोलणार नाहीत."

दुपारी सगळे होडीवर आले. पेटी उघडली. दोन्ही बटणे बरोबर ठिपक्यावर होती. कारण जेवणाच्या सुट्टीत मी एकटाच तिथे जाऊन बटण परत जागेवर आणून ठेवले होते.

बटणे जागेवर, तरी भोंगे जळले, म्हणजे धाकटाच विकला गेला, असे लोकांनी धरले. त्याचा संशय मात्र माझ्यावर गेलाच नाही. तो खूप वेळ ठिपक्यांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे माझाच कान चुकला, दादा." त्यानंतर त्याने कोणाचाही आवाज लावलेला नाही. पाण्याचे पंप दुरुस्त करतो. त्याच्या घरात रेडिओसुद्धा नाही.

त्याचा कान चुकला नव्हता. हे मी पूर्ण शुद्धीत लिहितो. मालकांविरुद्ध मी आयुष्यभर जे बोललो त्यातला एक शब्दही मागे घेत नाही. भावाविरुद्ध बोललेला प्रत्येक शब्द मागे घेतो.

चार. माझ्या मृत्यूनंतर एका महिन्याच्या आत मुलीने कलम तीन त्याच धक्क्यासमोर, त्याच होडीवरून मोठ्याने वाचावे. भोंगे नवे बसवले आहेत. आवाज धाकट्याने लावावा. ठिपके हलवू नयेत.

सही करण्याआधी कागद साक्षीदार म्हणून बोलावलेल्या डॉक्टरांना वाचायला दिला. त्यांनी वाचून चष्मा पुसला आणि विचारले, "काका, चाळीस वर्षं लोकांसमोर बोललात. एवढी एकच गोष्ट मेल्यावर का?" उत्तर द्यायला सवयीने उभा राहिलो. दम लागला, बसलो.

सबब पुढील दुरुस्ती. कलम चारमध्ये 'माझ्या मृत्यूनंतर एका महिन्याच्या आत मुलीने' हे शब्द खोडून 'येत्या रविवारी सकाळी मी स्वतः' असे घातले आहे. मुलीने आताच धाकट्याला फोन केला. बाबांना होडीवरून एकदा बोलायचे आहे, इतकेच सांगितले. कशाबद्दल, ते सांगणे माझे काम. आवाज लावणारा दुसरा कोणी बघा, असे तो म्हणाला. मग त्याने विचारले, दादाचा आवाज आता कसा आहे. पातळ झालाय, असे तिने सांगितले.

"मग जुने ठिपके चालायचे नाहीत," तो म्हणाला. "नेलपॉलिश आहे का घरात?"

'ठिपके हलवू नयेत' हे वाक्यही खोडले आहे.

दोन्ही खोडाखोडींवर माझी सही आहे.

साक्षीदार: १. डॉक्टर, गल्लीच्या तोंडाशी दवाखाना (सही). २. शेजारचे निवृत्त टपालवाले (सही, मजकूर वाचला नाही, रविवारी ऐकेन म्हणतात).

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: ९ मार्च २०२३, गुरुवार

लिहून देणार: होडीवाला वक्ता (सही)