थप्पीतलं खालचं पॅनेल

दि. ३ ऑगस्ट

ती. ताईस,

सा. न. वि. वि. मी पोचले, स्थिरावले आणि वेळेवर जेवतेसुद्धा. म्हणजे तुझे नेहमीचे प्रश्न निकालात निघाले.

खोली चांगली आहे. खिडकी मागच्या गोदामाच्या भिंतीवर उघडते, पण सकाळी त्या भिंतीवर ऊन येतं आणि तेच उलटून माझ्या टेबलावर पडतं. घरमालकीणबाई वरच्या मजल्यावर असतात. जिन्यात माझे पाय वाजले तर बोलतात, आणि नाही वाजले तर चोरासारखी कुठे गेली होतीस म्हणून बोलतात.

मी कारखान्यात नक्की काय करते ते बाबांना वाचून दाखव. आम्ही घरांच्या भिंती आणि छपरं तयार करतो. लाकडाच्या ढलप्या दाबून केलेल्या दोन मोठ्या फळ्या, मध्ये वीतभर जाड पांढरा फोम, आणि सगळं गोंदानं चिकटवलेलं. अशी पॅनेलं एकावर एक रचून थप्पी लावायची आणि अख्खी थप्पी प्रेसखाली दाबायची. मग ती ट्रकनं जातात आणि तिकडे एकमेकांत अडकवून घर उभं राहतं. थंडी बाहेर राहते, ऊब आत. बाबा रजईत कापूस भरतात, मी घरात फोम भरते. घराण्याचा धंदा काही सोडलेला नाही.

माझं काम तपासणीचं. मापं घ्यायची, कडेच्या खाचा सरळ आहेत का बघायच्या आणि सही करायची. आपल्या घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे सही करताना अजून वाटतं, की मागून कुणीतरी येईल आणि विचारेल, तू इथे कशी. म्हणून मी प्रत्येक माप दोनदा घेते. त्यावरून माझं नाव फूटपट्टी पडलंय. प्रेसवाले काका म्हणतात, की एवढं तर सोनारही तोलत नाही. त्यांचं एकच पालुपद, एकदा गोंद लावला की घड्याळ आपलं नसतं, गोंदाचं असतं.

ऑक्टोबर अखेरपर्यंत मी नोकरीत कच्ची. तोवर काही चुकलं नाही तर पक्की. जीव तिथे टांगलेला आहे.

बाबांना नमस्कार. तुझी माया आहे तशीच असू दे.

तुझी,
धाकटी


दि. १६ ऑगस्ट

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद, आणि पत्र उशिरा आलं म्हणून एकदा कान पिळला आहे असं समज.

आधीच सांगते, माझ्या चुकांवर तांबड्या शाईनं खुणा करून पत्र परत पाठवू नकोस. मी खोळी शिवायचे आणि तू शेजारी बसून मला अक्षरं शिकवायचीस, तेव्हा माझ्या निम्म्या चुका तुझ्याच.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. मान हलवत ऐकलं, आणि मग विचारलं, की वाऱ्यानं घर उडालं तर भाडेकरूनं भाडं द्यायचं का नाही. घराण्याचा धंदा म्हटलेलं मात्र त्यांना आवडलं, कारण ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. त्यांचं म्हणणं असं, की रजईला टाके घातले नाहीत तर कापूस एका कोपऱ्यात गोळा होतो. तुमच्या फोमला टाके कुठे आहेत ते कळव. गिऱ्हाइकांना सांगतात, धाकटी घरं बांधते. आणि गिऱ्हाईक कौतुक करायला लागलं, की हळूच म्हणतात, फोमची.

दोनदा मापण्याबद्दल मी काय बोलणार? कडी लागली का बघायला तू शाळेच्या वाटेवरून परत यायचीस. मी घरातच असायचे, तरी यायचीस. पण दूध उतू जाईपर्यंत मापत बसू नकोस म्हणजे झालं.

इकडे सगळं ठीक. पिंजायच्या यंत्राचा पट्टा तुटला होता, तो बदलला. बाबांचा खोकला कापसाचा, म्हणजे जुनाच. डोक्याला तेल लावत जा.

तुझी,
ताई


दि. २८ सप्टेंबर

ती. ताईस,

सा. न. माझं उत्तर लांबलं, आणि आता लिहितेय ते सुखाचं नाही. बाबांना हे पत्र आधी वाचून दाखवू नकोस, तू वाच.

डोंगरावर एक लहान दवाखाना होतोय. त्याच्या छपराची पॅनेलं आमच्याकडून जायची आहेत. तिकडे बर्फ पडतो आणि सगळा भार छपरावर येतो. काल ती थप्पी लागत होती. निम्मी रचून झाल्यावर मला वाटलं, खालच्या एका पॅनेलचा फोम केसभर सरकलाय. मी काम थांबवलं. चारी बाजू मापल्या, मग पुन्हा मापल्या, मग त्याच्या वरच्याही मापल्या. काका घड्याळाकडे बघत होते, एकदा खाकरलेही. सगळं सरळच होतं. मी हात केला, उरलेली पॅनेलं गोंद लावून वर चढली आणि थप्पी प्रेसमध्ये गेली.

नियमाप्रमाणे नमुना कापला. बाबांनी विचारले होते ते टाके इथे दिसतात. पॅनेलचा तुकडा चिमट्यात धरून फळी ओढायची. फोम मधूनच फाटला आणि फळीला त्याचा थर चिकटून राहिला, तर गोंद पक्का. फळी स्वच्छ सुटून आली तर कच्चा. कालचा फोम फाटला. मी सही केली.

मग जेवायला बसताना हातमोजा काढला, तर त्यावर सांडलेल्या गोंदानं वरून साय धरलेली. ताई, मी डबा तसाच बंद केला. नमुना नेहमी थप्पीतल्या वरच्या पॅनेलचा कापतात, कारण ते हाताशी येतं. वरच्याला गोंद लागला माझं मापून झाल्यावर. खालची पॅनेलं माझ्या मापण्यापायी ताटकळत होती. त्यांच्या गोंदावरही अशीच साय आली असेल, तर ती पॅनेलं धरलीच नसणार. बाहेरून काही कळत नाही. फळी फळीसारखी दिसते.

खालचं कापून बघायला हवं. पण छपराचं पॅनेल कापलं की वाया गेलं, आणि ट्रक उद्या सकाळी भरायचा आहे. ते चांगलं निघालं, तर मी उगीच माल नासला आणि गाडी अडवली. वाईट निघालं, तर ते माझ्यामुळेच वाईट. दोन्हीकडून मी पक्की होत नाही. आणि गप्प राहिले तर कुणाला काही कळणार नाही, निदान बर्फ पडेपर्यंत.

तुझं उत्तर येईपर्यंत ट्रक गेलेला असेल हे मला कळतं. तरी लिहितेय, कारण लिहिताना तू समोर खोळ शिवत बसल्यासारखी वाटतेस.

तुझी,
धाकटी


दि. २ ऑक्टोबर

चि. धाकटीस,

आशीर्वाद. पत्र मिळाल्या मिळाल्या लिहिते आहे, मशिनवर कापड तसंच सोडून.

तू गप्प बस. मी विचार करून सांगते आहे. त्यांचा नियम वरचं कापायचा, तू वरचं कापलंस, नमुना पास झाला. नियम तू केलेला नाहीस. तुला आयुष्यभर सवय आहे, जे बिघडलं नाही त्याचीही काळजी करायची. हेही तसलंच असेल. एवढं शिकलीस ते परत येऊन माझ्याबरोबर खोळी शिवायला नाही.

बाबांना सांगू नको म्हणालीस, पण माझा चेहरा बघून त्यांनी विचारलंच, आणि मला खोटं बोलता येत नाही. सगळं ऐकून घेतलं. दुपारी बघते तर तुझी जुनी गादी माळ्यावरून काढून उन्हात टाकलेली. विचारलं तर म्हणाले, सहज. तू परत आलीस तर त्यांना वाईट वाटणार नाही, हे मला आजच कळलं. पण मला वाटेल.

लगेच कळव.

तुझी,
ताई


दि. ७ ऑक्टोबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र काल मिळालं. सगळं होऊन गेल्यावर. रागावू नकोस, पण ते आधी मिळालं असतं तर मी कदाचित तुझं ऐकलं असतं, म्हणून टपालवाल्याचे मनातल्या मनात आभार मानले.

सकाळी ट्रक फाटकात उभा होता. मॅनेजरबाईंना काय सांगायचं ते वाटेत पाठ केलं होतं, ते त्यांच्यासमोर साफ विसरले. कसंबसं म्हटलं, की खालचं पॅनेल कापून बघू द्या, मापत बसून मीच थप्पी थांबवली होती. बाईंनी विचारलं, चांगलं निघालं तर काय. मी म्हटलं, मग मी चुकले असं लिहा. त्यांनी काकांना करवत लावायला सांगितली.

फारसं ओढावंही लागलं नाही. डब्याचं झाकण निघावं तशी फळी निघाली, आतून गुळगुळीत, चकचकीत. त्याच्या वरचंही तसंच. मी थांबवलं होतं तिथपर्यंतची सगळी तशीच, आणि तिथून वरची पक्की. ट्रकवाला मोकळी गाडी घेऊन मला ऐकू येईल असं पुटपुटत गेला.

मग बाईंनी मला सगळ्यांसमोर झाडलं. एका केसापायी एवढा माल गेला, मापायचं तर गोंद लावायच्या आधी मापायचं, एवढंही कळू नये का, असं बरंच काही. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. खालचं कापायला लावल्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. फक्त बाहेर पडताना काकांना म्हणाल्या, की आजपासून नमुना वरचाही कापायचा आणि खालचाही. काकांनी मला चहा आणून दिला आणि स्वतःवरही थोडं घेतलं. नुसतं खाकरून भागत नाही, हात धरायला हवा होता म्हणे.

नोकरी गेली नाही. पक्कीही झाली नाही. मुदत वाढवली आहे, आणि तोवर मला तपासणीबरोबर काकांच्या हाताखाली गोंदावर घातलं आहे. गोंद लागला की तिथे कुणी दुसऱ्यांदा मापू देत नाही. पहिल्या दिवशी हात आपोआप फूटपट्टीकडे जात होता. आता आधी मापते, एकदा, आणि पुढे सोडते. सोडणं फार अवघड आहे ग.

दवाखान्याची पॅनेलं नव्यानं केली. त्यांचा गोंद मी लावला. यावेळी खालचा नमुना ओढला, तेव्हा मला बघवेना, काकांनीच हाक मारून दाखवलं. फोम फाटला होता. त्यातला एक तुकडा वेगळा बांधून पाठवतेय. फळीवरचं ते पांढरं म्हणजे बाबांनी विचारले होते ते टाके. माल काल रवाना झाला, बर्फाच्या आधी पोचेल.

लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
धाकटी


दि. २५ ऑक्टोबर

चि. धाकटीस,

खूप खूप आशीर्वाद. माझं मागचं पत्र जपून ठेवलं असशील तर चुलीत घाल. त्यात शुद्धलेखनाच्याही फार चुका होत्या.

तुकडा पोचला. बाबांनी आधी हुंगला. मग फळीवरचा फोम नखानं सोलायला बसले. वरवरचा निघाला, खालचा थर निघेना. मग खोळी उसवायची सुरी घेतली. मी म्हटलं, अहो बाबा, पोरीनं आठवण म्हणून पाठवलाय. ते म्हणाले, आठवण नाही, माल आहे, माल बघून घ्यायचा असतो. चांगले घामाघूम झाले. शेवटी सुरी पुसून ठेवली आणि म्हणाले, धरलंय. तुला माहीत आहे, पंगतीतल्या चांगल्या जेवणालाही ते ठीक आहे एवढंच म्हणतात.

आता तो तुकडा दुकानात गादीवर त्यांच्या शेजारी असतो. रजई भरायला आलेल्या प्रत्येकाच्या हातात आधी तो देतात आणि सांगतात, काढा बघू. काल तो दांडगा लोहार बराच वेळ झटला. बाबा नुसते बघत होते. मग त्याच्या हातातून काढून घेतला आणि म्हणाले, राहू द्या, आमच्या धाकटीनं लावलंय ते.

फोमचं, असं नेहमीसारखं हळूच पुढे म्हणाले नाहीत. मी मशीन थांबवून वाट बघितली.

अशीच लिहीत राहा, आणि आमच्या वाटची माया तिकडे कमी पडली तर कळव, इथे भरपूर आहे.

तुझी,
ताई