रॉय्सच्या गाडीची दांडी

शनिवार, ७ जून

डबा उघडला! सहा वर्षं रॉय्सच्या कपाटात पडून होता, वरची पट्टीही न कापलेली. आत गिअरची नवी दांडी, एक जाड केबल आणि सूचनांचा कागद. कागद डेल्मरने न वाचता हात पुसायला घेतला.

मी विचारलं, "ही गाडी गिअर आपोआप बदलते ना? मग हाताने बदलायची दांडी कशाला?"

"खटका ऐकायला. एकेका गिअरला एकेक खटका. रॉय्सला हवा होता."

फेब्रुवारीत डेल्मरच्या भावाला, रॉय्सला, पुरून आलो, तेव्हापासून माझ्या या नवऱ्याच्या तोंडून एवढं लांब काही निघालं नव्हतं.

रविवार, ८ जून

चर्चनंतर तो गाडीखाली, मी आत दांडी धरून. तो मला दिसत नाही, मी त्याला नाही. म्हणूनच की काय — बोलतो! रॉय्सने हीच कॅमेरो गाडी एकदा मक्याच्या शेतात घातली होती आणि बाबांना सांगितलं होतं, मका रस्त्यावर आला. मी हसले. खालून तोही हसला! मग बराच वेळ नुसता पाना वाजत राहिला.

"नोरीन, आहेस ना गं?"

आहे.

सोमवार, ९ जून

दिवसभरात दोन बोल्ट. रॉय्सच्या तीन गोष्टी. असंच चालू दे.

बुधवार, ११ जून

आज केबल जोडायची, की काम संपलं.

"मी इथे खाली गिअर न्यूट्रलला ठेवलाय," तो खालून म्हणाला. "तूही दांडी न्यूट्रलला ठेव. मी नट आवळतो."

दांडीपाशी ओळीने अक्षरं आहेत: पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल. मी एक घर पुढे ठेवली. रिव्हर्सला.

"ठेवलीस?"

"ठेवली."

इथे नाही तर कुठे लिहू? आता दांडीवरची सगळी अक्षरं एका घराने खोटी. उद्या लक्षात येईल, परत सगळं खोलेल, परत गाडीखाली जाईल. आणखी दोन दिवस मिळतील — एवढंच मनात होतं.

गुरुवार, १२ जून

देवा!

मी टोस्टला लोणी लावत होते. मला न सांगता त्याने चावी फिरवली. दांडी पार्कवर, गाडी खरी रिव्हर्समध्ये. मागे उतार. रस्ता ओलांडून थेट समोर राहणाऱ्या ओपलबाईंच्या पायऱ्यांपर्यंत! तिथे त्यांची सिमेंटची हंसीण उभी असते, डॉटी. पिवळा रेनकोट, पिवळी टोपी. आता धड एकीकडे, टोपीसकट मान दुसरीकडे.

डेल्मर काचेतून ओरडतोय, "पार्कवर आहे! बघा, पार्कवर आहे!"

"मला अक्षरं दाखवू नकोस," ओपलबाई कडाडल्या. "तेवीस वर्षं मी हिचे कपडे बदलतेय. नाताळचे वेगळे, ईस्टरचे वेगळे. तुला आहे का रे एक तरी धड शर्ट?"

तो पांढराफटक. "माझीच चूक. कागद वाचायला हवा होता." मी डॉटीची टोपी झटकत राहिले. डॉटीच्या जागी ओपलबाई उभ्या असत्या तर?

रविवार, १५ जून

चर्चच्या जेवणात तिघींनी विचारलं, डॉटीचा अंत्यविधी कधी? एकीने ओपलबाईंच्या घरी सांत्वनाला भाजलेल्या बटाट्यांचं भांडंसुद्धा पोचवलंय!

दुपारी डेल्मरने सिमेंट कालवून मान चिकटवली. जराशी वाकडी बसली.

"आता ही तुमच्याच घराकडे बघत राहणार," ओपलबाई म्हणाल्या. "बघू दे."

सोमवार, १६ जून

कागद मी मोठ्याने वाचला. न्यूट्रल म्हणजे न्यूट्रल. त्याने नट आवळला. अक्षरं खरी झाली. आधी चाकांना ठोकळे लावून पाहिलं, मग काउंटी रोडवर चक्कर. खटका, खटका, खटका! गालात हसत होता.

घरी आलो. हात धुतले. टीव्ही लावला.

मंगळवार, १७ जून

बोलला नाही.

बुधवार, १८ जून

"मीठ दे."

गुरुवार, १९ जून

गॅरेजमध्ये जाऊन खिळ्यावरचा पाना हातात घेतला. दारातून डॉटी वाकड्या मानेने बघत होती. परत टांगला.

शुक्रवार, २० जून

खिळ्यावर पाना नाही. वाकून गाडीखाली पाहिलं. केबलचा नट दोन आटे सैल — मी हात लावलेला नाही! बॅटरीची तारही काढून नीट बाजूला ठेवलेली, म्हणजे गाडी सुरूच होणार नाही.

दारात डेल्मर. पायजम्याच्या खिशातून पाना डोकावतोय.

"नोरीन, दांडीत परत काहीतरी गडबड आहे गं. बसतेस का आत?"