रूपर्टचा पूर

हॅलोफर्ड,
१० ऑक्टोबर १९७९

प्रिय रूपर्ट,

शनिवारी इथे तळ्यांच्या राखणीबद्दल माझा सत्कार ठरला आहे, म्हणून तुला लिहिणं भाग पडलं. अठ्ठावीस वर्षांत नाताळच्या कार्डापलीकडे आपण गेलो नाही. माझी प्रकृती उत्तम आहे. तुझे गुडघे बरे असतील.

यंदा बिशपांच्या जुन्या निवासाभोवतीच्या खंदकाचा गाळ काढला. पाणी उतरल्यावर डुकराएवढा कार्प मासा निघाला. तिघांनी धरला, चौघे पडले. मिसेस पोकॉक, म्हणजे तळी-खंदक राखण मंडळाच्या अध्यक्षा, चिखलात बसूनच त्याचं वजन विचारत होत्या.

तळ्यातला मासा खंदकात कसा, असं नवी माणसं विचारू लागली. जुनी म्हणाली, "रूपर्टच्या पुरातला." सगळे हसले. मला हसू आलं नाही.

आता ऐक. खंदकाच्या वर एकाखाली एक असलेली तिन्ही तळी उपसायची तर सुरुवात खालच्या तळ्यापासून. हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मला कळत नव्हतं, कारण मी कॉलेजात शिकून आले होते. बिशप यायच्या आदल्या दिवशी तळी उपसायची होती आणि तू दाढी करायला गेलास. वेळ वाचेल असा हिशेब मांडून मी वरच्या तळ्याचं पाणी सोडायचं दार आधी उघडलं. दोन बांध फुटले, खंदक भरून वाहिला आणि पाद्रीबुवांच्या कोबीत मासे उड्या मारू लागले. दारं सांभाळणं तुझं काम, म्हणून मला कुणी विचारलंही नाही.

मीही सांगितलं नाही. तुझी नोकरी गेली, तू गाव सोडलंस आणि ती नोकरी मी घेतली. चांगली केली, हेही खरं.

काल मंडळापुढे सगळं सांगितलं.  मिसेस पोकॉक म्हणाल्या, "बाई, सत्काराचा तुमच्या नावाचा दगड कोरून झालाय हो."

मी म्हटलं, "उलटा करा. मागची बाजू कोरी आहे."

शनिवारी यायचं की नाही ते तू ठरव. आलास तर मला बोल लावायला लाजू नकोस. आणि लोकरी मोजे आण.

काल मंडळाच्या हवाली केलं: माझा सहीचा जबाब, एक. राजीनामा, एक.
या पाकिटातून तुझ्या हवाली: जबाबाची नक्कल, एक. तळ्यांच्या दारांची किल्ली, एक.

तुझी बहीण,
ऑगस्टा