नख अडलं पाहिजे

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. चार पानं लिहिलीस, आणि विचारायचं होतं ते शेवटच्या दोन ओळींत, तेही 'सहज आपलं विचारते' असं म्हणून. ताकाला जाऊन भांडं लपवायची तुझी सवय काही जात नाही बघ. तड्याचा मागमूस न ठेवणाऱ्या बिनसांध्याच्या जोडीला सगळे एवढे का घाबरतात, म्हणे! तीन वर्षं माझ्या हाताखाली सांधणकाम शिकलीस, तेव्हा हाच प्रश्न निदान शंभरदा विचारला असशील, आणि दर वेळी मी तुला 'आधी हातातलं काम संपव' म्हणून गप्प केलं. आता तू इथे नाहीस, दुकानात बोलायला कोणी नाही, आणि माझा उजवा गुडघा मला खुर्चीतून उठू देत नाही. तेव्हा बैस आणि वाच. मध्येच उठून आईचं बघून यायचं असेल तर ये, मी काही पळून जात नाही.

आधी इथली खबर. गेल्या आठवड्यात तपासनीस येऊन गेले. तू त्यांना चिमटा म्हणायचीस, ते आता आणखी वाळलेत. फळीवरच्या एकूण एक वस्तूवर त्यांनी नख फिरवलं. केटलीचं तोंड, आरशाची चौकट, त्या नावाड्याची फुटकी बशी, सगळं. जिथे जिथे आपल्या हातांनी तडा जुळवला, तिथे तिथे नख अडलं, तेव्हा कुठे त्यांनी परवान्यावर शिक्का मारला. जाताना म्हणाले की तीस वर्षं हेच करून नख पार झिजलंय, आता बोटानंच चाचपावं लागतं. मी म्हटलं, नखही सांधून देते, पण मग तिथे दुसऱ्याचं नख अडेल. त्यांना हसू आलं नाही. सरकारी माणूस!

तुझ्या वयाची होते तेव्हा मलाही हेच कोडं पडायचं. वारा वळवणारे लोक एखाद्याचं छप्परच्या छप्पर उडवतात, त्यांना कोणी बोलत नाही. आग बोलावणाऱ्या बाईनं आख्खं गोदाम जाळलं, तरी तिचा परवाना शाबूत. आणि आम्ही एखादी बशी सांधा न दिसेल अशी जोडली, की आयुष्यभर हात बांधून बसायचं? ही कुठली रीत? मी दिसेल त्याला विचारत सुटले. हाडवैद्य म्हणाला, हात कोपरापासून वाळतात. नावाडी म्हणाला, नदी उलटी वाहते. कचेरीतल्या कारकुनानं नियमाचं पुस्तक काढून तोच नियम मला दोनदा वाचून दाखवला. माझ्या उस्तादांना विचारलं, तर ते कामात मान खुपसून म्हणाले की ज्याला ठाऊक आहे तो सांगत नाही आणि जो सांगतो त्याला ठाऊक नाही. मला वाटलं, म्हाताऱ्यालाही माहीत नसावं, उगाच झाकली मूठ ठेवतोय.

मग काय, माझा स्वभाव तुला माहीत आहे. समोरच्या शिंपीणबाई त्यांचा निळा जग घेऊन आल्या. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, मांजरानं पाडला, तीन तुकडे. उस्ताद बाहेरगावी होते. मी दार लावलं, तुकडे हातात घेतले, आणि नेहमी जिथे हात थांबवतो ना आपण, कडा भेटल्या की, तिथे थांबवलेच नाहीत. पुढे जाऊ दिले. अगं, कसलं सोपं होतं ते! सांधा ठेवायलाच खरं कसब लागतं, हे मला तेव्हा कळलं. जग असा गुळगुळीत झाला की मीच दोनदा नख फिरवून पाहिलं. हात वाळले नाहीत. नदी होती तिकडेच वाहत होती.

दुसऱ्या दिवशी मी जग परत द्यायला गेले, तर बाई मलाच विचारतात, माझा जग तू उसना कधी नेला होतास? मला वाटलं, थट्टा करतायत. पण नाही. तो पडला, फुटला, त्यांनी मांजराला झाडूनं बदडलं, यातलं काही म्हणजे काही त्यांना आठवत नव्हतं. शेजारणीनं आवाज ऐकला होता, तिलाही नाही. जोडीबरोबर तडा पुसला गेला, आणि तडा ज्याला ज्याला माहीत होता त्याच्या डोक्यातूनही गेला. राहिला तो फक्त माझ्या डोक्यात, जोडणारीच्या. घरी येताना मी हसत होते. म्हटलं, एवढंच? फुटल्याचं दुःखसुद्धा पुसून टाकणारी जादू, आणि हिला हे शहाणे घाबरतात!

महिन्याभरानं तोच जग पुन्हा आला. तोच कट्टा, तेच मांजर. पुढे आणखी एकदा. दर वेळी बाई तक्रार करायच्या की इतक्या वर्षांत पहिल्यांदाच फुटला हो. आता हेच बघ, सांधा असलेलं भांडं लोक कसं वापरतात? आतल्या बाजूला ठेवतात, दोन्ही हातांनी उचलतात, मांजर दिसलं की ओरडतात. सांधा हातांना आठवण करून देतो. या बाईंच्या हातांना आठवण करून द्यायला काहीच उरलं नव्हतं. तिसऱ्यांदा मी जाड, वेडावाकडा सांधा ठेवला. त्या मला वाट्टेल ते बोलल्या, आणि त्यांनी जग कपाटात ठेवला. अजून आहे.

तुला वाटेल, झालं, मिळालं उत्तर. नाही गं. जगावरून मला अर्धंच कळलं होतं. आणि जे मी आता लिहिणार आहे, ते त्या जगाच्या पहिल्या आणि दुसऱ्या फुटण्याच्या मधलं आहे. दोनदा पेन खाली ठेवलं. तिसऱ्यांदा उचललंय, आता लिहितेच.

तुझ्या आधी ताईला एक मुलगा होता. होय, तुला भाऊ होता. अडीच वर्षांचा. मी त्याला लुडबुड्या म्हणायचे, कारण तो सारखा तुझ्या बाबांच्या वेताच्या जुडीत जाऊन बसायचा आणि टोपली विणायला घेतली की तिच्यात शिरायचा. तुमच्या घरातला लाकडी जिना, त्याची वरून तिसरी पायरी तेव्हा हलायची. सगळ्यांना माहीत होतं, सगळे ती ओलांडून जायचे. एका दुपारी तो एकटा उतरायला गेला. पुढचं लिहीत नाही, तुझ्या लक्षात आलंच असेल.

ताईनं नऊ दिवस पाण्याखेरीज काही घेतलं नाही. ती रडायचीसुद्धा नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. आपली ताई, जी मला लहानपणी पाठुंगळीला घेऊन शाळेत सोडायची, ती अशी माझ्या डोळ्यांदेखत विझत चाललेली. आणि माझ्या हातात ती जादू, शिंपीणबाईंच्या जगावर नुकतीच करून पाहिलेली. मी तिच्या कपाळाला दोन्ही बाजूंनी हात लावले. तडा सापडायला वेळ लागला नाही. आणि मी हात थांबवले नाहीत.

मला वाटलं होतं, नुसतं दुःख जाईल. पण पोर आठवलं की ते कुठे आहे हा प्रश्न येतोच. म्हणून त्या जोडीनं पोरच पुसलं. ताई उठून बसली आणि म्हणाली, केवढी भूक लागली गं. तिच्या मनात, बाबांच्या मनात, शेजारीपाजारी कोणाच्याच मनात तो उरला नाही. त्याचे जोडे कोपऱ्यात होते, तर ताई म्हणाली, बाळ होईल तेव्हासाठी आधीच कोणी आणून ठेवले? ते पुढे तू घातलेस.

आणि एक गोष्ट, जी मी रोज बघते, डोळे मिटले तरी बघते. मी ताईला जोडलं त्याच दुपारी तुझे बाबा पायरी दुरुस्त करायला निघाले होते. फळी आणलेली, हातात करवत. मी ताईच्या खोलीतून बाहेर आले तेव्हा ते जिन्याशी उभे होते आणि करवतीकडे बघत होते, ही मी कशाला काढली म्हणून. मग त्यांनी ती परत खिळ्याला अडकवली. मी पाहिलं, भिंगरी. पण ताई जेवत होती, त्या आनंदात माझ्या टाळक्यात काही शिरलं नाही. आठ दिवसांनी मी इकडे दुकानात परत आले.

पाच वर्षांनी त्याच पायरीवरून तू पडलीस. तुझं नशीब की पायावर निभावलं. ताईनं मला बोलावून घेतलं, आणि तुझं हाड मी जुळवलं, तेव्हा हात जिथे थांबवायचे तिथेच थांबवले. नडगीवरचा तो उंचवटा, ते किंचित लंगडणं, त्यावरून तू आजवर मला किती टोचून बोलली आहेस! मावशीला स्वतःच्या भाचीचा पायसुद्धा नीट जोडता आला नाही म्हणून. तो नीट जोडला असता ना, तर करवत पुन्हा खिळ्याला गेली असती. तुझा पाय जुळवला त्याच्या दुसऱ्याच दिवशी बाबांनी पायरी बसवली. टोपल्या विणणारा माणूस, सुतारकाम यथातथाच, पण बसवली ती अशी की आजतागायत हलली नाही.

आता तुझ्या त्या दोन ओळी. बाबांना जाऊन दोन महिने झाले, ताई जेवत नाही, भिंतीकडे तोंड करून पडते, आणि माझी भाची सहज म्हणून बिनसांध्याच्या जोडीबद्दल विचारते. मी म्हातारी झाले, बावळट नाही झाले. तू हे करशील तर ताई उठून जेवेल, मी खोटं सांगत नाही. पण त्या घरात बाबा फक्त तुझ्या एकटीच्या डोक्यात उरतील. त्यांचं नाव काढशील तेव्हा ताई विचारेल, कोण गं? मी सव्वीस वर्षं एका पोराला एकटीनं आठवते आहे, आणि ते काय असतं ते मी शत्रूलाही देणार नाही. या पत्रासोबत त्याचं एवढंसं झबलं पाठवते आहे, एक बटण तुटलेलं. तुझ्यापाशी ठेव, म्हणजे आता आपण दोघी झालो. ताईला सांगायचं की नाही, ते मी आल्यावर ठरवू. परवाच्या गाडीनं येते आहे, गुडघा काय म्हणायचं ते म्हणू दे. तोवर तिच्या कपाळाला हात लावू नकोस. तिला धरून जिन्यापर्यंत ने, वरून तिसऱ्या पायरीवर बसव, आणि जुनं लाकूड संपून बाबांची फळी सुरू होते तिथे तिचं नख फिरवायला लाव. अडेल. ती रडेल. रडू दे.

तुझीच,
मावशी