आपली मंडळी

४ जुलै २००४, रविवार
नवीन वही. नवीन आयुष्य.

मी, तातेराव, वय एकेचाळीस, बी.एस्सी. अ‍ॅग्री, जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत लॅब इन्चार्ज, गे आहे. हा शब्द आज पहिल्यांदा लिहिला. लिहून खोडला. पुन्हा लिहिला. ही वही गादीखाली राहील. तिथं कुणाचा हात जात नाही. (अजमत दर रविवारी गादी उन्हात टाकतो, पण तो उर्दू शाळेत शिकलेला. मराठी वाचताना एकेक अक्षर जोडतो. धोका नाही.)

नऊ वर्षं अजमत आणि मी घरमालकीण सगुणाबाईंच्या माडीवर दोन खोल्यांत राहतो. तो मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. जळालेले पंप, मिक्सर, पंखे, सगळं. नऊ वर्षांत कुणाला बिलकुल संशय आलेला नाही. हे माझ्या प्लॅनिंगचं यश. दोन खाटा, मध्ये स्टूल. रोज सकाळी सहाला खाट ओढून अंतर करतो. लोकांसमोर त्याला अजमतभाई म्हणतो.

पण असं किती दिवस? माणसाने आपल्या मंडळींत राहावं. जिथं आपलं स्वागत होईल अशा ठिकाणी. संकल्प: दिवाळीच्या आत जालना सोडणे.

७ जुलै, बुधवार
इंटरनेट कॅफे. पडद्याची केबिन. ‘वेलकमिंग कम्युनिटी’ असं टाइप केलं. अमेरिकेची सात शहरं आली. थंडी फार असते म्हणून रद्द केली. शेवटी पुण्याचा एक ग्रुप सापडला. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी भेटतात. शास्त्रीय पद्धतीने तपासणार. बियाण्याची उगवण तपासतो तशीच. आधी सॅम्पल, मग निर्णय.

केबिनमधून बाहेर आलो तर सगुणाबाईंचा भाचा समोर. त्याला सांगितलं, हवामान बघत होतो.

११ जुलै, रविवार
अजमतला प्लॅन समजावला. कंपनीची पुण्यात शाखा आहे, बदली मागतो, तिथं आपल्यासारखी माणसं आहेत, ताठ मानेने राहू. वीस मिनिटं बोललो. चांगला बोललो.

तो मोटारीला तार गुंडाळत होता. म्हणाला, मान तर माझी इथंबी ताठच हाय, खाली घालून तू चालून राह्यलास. वर म्हणाला, पुण्यात कोण माझ्याकडं जळकी मोटार घेऊन येणार? माझं गिऱ्हाईक इथं हाय. तुला जायचं तर जा.

व्हिजन नाही. समजून घेईल हळूहळू.

१५ जुलै, गुरुवार
बदलीचा फॉर्म आणला. आस्थापनेचे बद्रीनाथराव जिल्हा परिषदेतून रिटायर होऊन आमच्याकडे आलेत. फॉर्म त्यांनीच बनवलेला, चार पानी. एक रकाना होता: ‘सोबत राहणाऱ्या व्यक्ती व त्यांचे नाते.’ सापळाच. पण मी काही कच्चा नाही. लिहिलं, ‘निरंक.’ एका शब्दात काम. ऑफिसची भाषा येत असली की असं जमतं.

फॉर्म टेबलावर ठेवून आंघोळीला गेलो. पुण्याचं सॅम्पलिंग झालं की दहा ऑगस्टला, शेवटच्या तारखेला, देणार.

१८ जुलै, रविवार
आजपासून धोंड्याचा महिना. खाली सगुणाबाईंच्या फोनवर राजूरहून आईचा फोन. आठ ऑगस्टला अजमतला पाठव म्हणाली. बराबर दहा वाजता. आंघोळ करून.

पंप बिघडला असणार. पण पंपाला हात लावायला आंघोळ कशाला? आईचं सोवळं वाढत चाललंय. मी येऊ का विचारलं. तुझं काय काम, म्हणाली. बरंच झालं, आठला मी पुण्यात. शेवटी अजमतच्या शर्टाचं माप विचारलं. वय झालं की माणसं काहीही विचारतात.

फोन ठेवला तर सगुणाबाई हसत होत्या. म्हणाल्या, यंदा तुमच्या मंडळींची मजा हाय. त्या कधीपासून अजमतला ‘मंडळी’ म्हणतात. मंडळी दुकानातून आली का, मंडळीला ताक आवडतं का. एकट्या माणसाला मंडळी! बाई मनाने चांगल्या आहेत, व्याकरण कच्चं.

२२ जुलै, गुरुवार
अजमत आठवडाभर बोलत नाही. डबा देतो, पण डब्यात लोणचं नाही. विचारलं, काय झालं? म्हणाला, काहीच न्हाई. ‘काहीच न्हाई’वर जोर होता. अ‍ॅसिडिटी असावी. ओव्याची पुडी आणून ठेवली.

२६ जुलै, सोमवार
पुडी तशीच. सगुणाबाई जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, धा दिवसांमागं अजमतमियां मला इचारत होते, निरंक म्हंजी काय? मी सांगितलं, काहीच न्हाई. मंग ते गप खाली बसले पायरीवर.

चला, वाचनाची आवड लागतेय. त्याला बालभारतीचं पुस्तक आणून द्यावं.

१ ऑगस्ट, रविवार
रात्री खाट त्याने स्वतःच ओढून दूर केली. स्टुलाच्याही पलीकडे. प्रायव्हसीचं महत्त्व त्याला पटलं म्हणायचं. मला झोप आली नाही. उकाडा.

८ ऑगस्ट, रविवार, पुणे
सकाळी सहाला उतरलो. नवा शर्ट, सेंट. एका गृहस्थाच्या फ्लॅटवर अकरा जण, गोल बसलेले. खरं नाव सांगायची सक्ती नाही. मी ‘अमोल’ झालो. चहा बरा. बिस्किटं मोजून.

एकेक जण बोलला. एक आईबापांबरोबर राहतो, दर रविवारी मुलगी बघायला नेतात. एक जण मित्राला ‘कझिन’ सांगून राहत होता, सोसायटीने दोघांना काढलं. तिसऱ्याला बॅचलर म्हणून घरच मिळत नाही. मग मला विचारलं. मी सांगितलं. अजमत, नऊ वर्षं, दोन खोल्या, खाली सगुणाबाई, ताक, भांडणं.

बँकेत नोकरीला असलेल्या एकाने विचारलं, मालकिणीला माहीत आहे? मी ठामपणे सांगितलं, बिलकुल नाही. ती तर त्याला साधं ‘मंडळी’ म्हणते.

तो इतका हसला की चहा नाकातून आला. मग मला समजावून सांगायला लागला की मंडळी म्हणजे बायको. जणू मला मराठी येत नाही! पुण्याच्या लोकांना वाटतं भाषा यांनीच काढली. मराठवाड्यात शब्दांचे अर्थ वेगळे असतात, हे त्याला सुनावलं.

निघताना तोच बँकवाला जिन्यापर्यंत आला. जालन्यात भाडं किती, शेजारची खोली रिकामी आहे का, विचारत होता. मी पुण्याला यायचं म्हणून आलो आणि हा जालन्याची चौकशी करतो! सॅम्पल फेल.

बसमध्ये सारखं मंडळी, मंडळी, डोक्यात चालू. सगुणाबाई स्वतःच्या सुनेलाही मंडळीच म्हणतात. लेकाला विचारतात, मंडळी माहेरी गेली का. हे आधी का लक्षात आलं नाही? योगायोग असावा.

९ ऑगस्ट, सोमवार
माडीला कुलूप. सगुणाबाई म्हणाल्या, मंडळी सासुरवाडीला गेली, सासूबाईंनी काल सोडलंच न्हाई.

तशीच राजूरची बस पकडली.

आईच्या ओसरीवर अजमत आजही पाटावर बसलेला. नवा शर्ट, बरोबर मापाचा. डोक्यावर टोपी त्याचीच, खांद्यावर टॉवेल आईने घातलेला. पुढ्यात चांदीची वाटी आणि परातीत अनारसे. तेहतीस. पंप विहिरीवर छान चालू होता.

धोंड्याच्या महिन्यात सासू जावयाला बोलावते, पाय धुते, वाण देते. हे मला माहीत नाही असं नाही. आईला लेक नाही, म्हणून मागच्या धोंड्याला भाच्याला दिलं होतं. यंदाही तसंच काहीतरी असणार, असं स्वतःला सांगत मी अनारशाला हात घातला. आईने हातावर चापट मारली. म्हणाली, जावयाचं वाण हाय, त्याला इचार.

अजमतकडे बघितलं. तो अनारशांकडे बघत होता.

आईने मला मागच्या दारी नेलं. विचारलं, निरंक म्हंजी काय रे? मग स्वतःच म्हणाली, मी अडाणी. काल अजमतनं फॉर्मचं सांगितलं, तवा ग्रामसेवकाला इचारलं. त्यानं सांगितलं, काहीच न्हाई. नऊ वर्सं ज्यानं तुला डबा बांधला, मागच्या साली मलेरियात रात रात उशाशी बसला, त्याला तू कागदावर काहीच न्हाई लिव्हलंस? मला लेक न्हाई, तुला बायको न्हाई, मंग ह्या महिन्यात मी पाय कुणाचे धुवायचे? देवानं जावई पाठवला तर मी त्याचा धरम इचारत बसू का?

तुला कधीपासून माहीत आहे, एवढंच मला विचारता आलं. आई म्हणाली, तुझ्याआधीपासून.

रडू आलं. आईला सांगितलं, डोळ्यात धूर गेला. चूल विझलेली होती.

येताना त्याच्या एम-एटी गाडीवर मागं बसलो. जालन्याच्या एमआयडीसीजवळ मी म्हणालो, अजमत, चुकलं माझं. ‘भाई’ लावलं नाही. तो म्हणाला, घट्ट धर, खड्डा आलाय.

१० ऑगस्ट, मंगळवार
नवा निर्णय: सॅम्पल फेल झालं तरी बदलीचा फॉर्म द्यायचा, पण खरा. आपण घाबरणारे नाही. दोघं मिळून जायचं, त्याला पटवू. ‘निरंक’ खोडलं. ‘एक’ लिहिलं. नात्यापाशी अडलो. ‘मित्र’ लिहून खोडलं. ‘भाडेकरू’ खोडलं. ‘पार्टनर’ लिहिलं तर बद्रीनाथरावांना जोडधंद्याचा संशय येईल. अख्खी जेवणाची सुट्टी गेली. मग आईचाच शब्द लिहिला: जावई. फॉर्म दिला. छाती धडधडत होती, पण अभिमानाने.

१२ ऑगस्ट, गुरुवार
मेमो आला. जसाच्या तसा उतरवतो:

‘आपण अविवाहित असून आपणांस अपत्य नाही. सबब, आपल्यासोबत राहणारा जावई कोणाचा, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा.’

आयुष्यात पहिल्यांदा खरं लिहिलं आणि खुलासा मागितला. शंभर पानी खुलासा देणार. कायदा, समाज, सगळं काढणार. अख्खं ऑफिस हादरेल.

१६ ऑगस्ट, सोमवार
अजमत पुण्याला येणार नाही. त्याला न घेता मी पुण्याला गेलो तर फॉर्मवर पुन्हा निरंकच. हे लिहायला एवढे दिवस लागले.

शंभर पानी खुलासा दीड ओळीचा झाला: ‘जावई आईचा आहे. तो जालना सोडत नाही, सबब मलाही बदली नको.’

बद्रीनाथरावांनी चष्मा लावून वाचला. मी हादरा बसायची वाट बघत उभा. त्यांनी पंच मारला, फाइलला लावला. म्हणाले, अहो तातेराव, अजमतमियांनी आमची पिठाची गिरणी नीट केली तेव्हापासून आमच्या घरी सगळ्यांना माहीत हाय. पण फाइलला माहीत नव्हतं ना. मग चहा मागवला. बाकीचे बियाण्याच्या भावाबद्दल बोलत होते. कुणीही हादरलं नाही. मला जरा राग आला.

घरी येताना सगुणाबाईंनी अडवलं. म्हणाल्या, आता रोज सकाळी ती खाट ओढणं बंद करा, नऊ वर्सं माझी फरशी घासून चालली. मी म्हणालो, बरं. मग त्यांनी विचारलं, मंडळी आली का घरी? मी म्हणालो, आली.

आज धोंड्याचा महिना संपला. अजमतने एक अनारसा दिला. मऊ पडलेला. बाकीचे डब्यात, डब्याला कुलूप. किल्ली मागितली.

अर्ज कर, म्हणाला. सगळे रकाने भरून.