काचेत न बसलेली खुर्ची

४ फेब्रुवारी

ती. काकूस शि. सा. न. वि. वि.

काका जाऊन वर्ष होत आलं. त्यांच्या शहरशास्त्र विभागात त्यांच्या नावाचं दालन उघडतंय, आणि मी तिथली नवखी शिक्षिका नि वर घरची पुतणी, म्हणून भाषणाची माळ माझ्याच गळ्यात पडली. त्यांनी जन्मभर शिकवलं, त्यांच्यामुळे कितीतरी फुटपाथ रुंद झाले, ते सगळं सांगेन मी. पण विभागप्रमुखांना काकांची लिहिण्याची खुर्ची हवी आहे, काचेच्या कपाटात ठेवायला. पाठवशील? आणि तूही ये. काका गेल्यापासून तू घराबाहेर पाऊल टाकलेलं नाहीस, असं शेजारच्या वहिनी म्हणाल्या. मला काळजी वाटते गं.

रागावलीस तरी तुझीच,
भिंगरी

९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अ. उ. आ.

कसली लिहिण्याची खुर्ची न् काय! स्वारी लिहायची स्वयंपाकाच्या ओट्याशी, उभ्यानं, माझी भाजी बाजूला सारून. खुर्च्या घरात टिकल्या कुठे? लोक कुठे टेकतात ते बघायचं म्हणून एकेक उचलून रस्त्याच्या कडेला ठेवायची आणि आपण पलीकडे उभं राहून बघायचं. सहातल्या पाच अशाच गेल्या. पाचवी गेली ती घरी पाहुणे यायच्या दिवशी! परत आणा म्हटलं, तर म्हणाले, "अगं, तिच्यावर एक आजीबाई बसल्यात, त्यांना उठवू कसा?" कपाळाला हात लावला मी.

सहावी पाठवते. पण काचेत नाही, विभागाच्या फाटकाबाहेर ठेवायची. माझं येणं राहू दे. ते नसले की रस्ता अंगावर येतो.

उरलेसुरले आशीर्वादही तुलाच,
काकू

२० फेब्रुवारी

ती. काकूस शि. सा. न. वि. वि.

तुझी अट ऐकून प्रमुखांचं तोंड एवढंसं झालं. पण खुर्ची ठेवली फाटकाबाहेर. पहिलं कोण बसलं असेल? प्रमुखच! गाडीला उशीर झाला, पाय दुखले, टेकले. ज्या पहारेकऱ्याकडे कधी मान वळवून पाहिलं नाही, त्याच्याशी गप्पा रंगल्या. गाडी येऊन उभी राहिली तरी साहेब उठेनात! दुसऱ्या दिवशी काचेचं कपाट रद्द.

मला हसू आवरेना, आणि मग रडूच आलं. पलीकडे उभं राहून बघणारं आता कोणी नाही, काकू.

तुझ्या वाटेकडे डोळे लावलेली,
भिंगरी

२४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अ. उ. आ.

शनिवारी दालनाच्या उद्घाटनाला येते. न्यायला ये आणि रस्ता ओलांडताना हात धर. खुर्चीवर कोणी बसलं असेल तर माझ्यासाठी उठवू नकोस. मी पलीकडे उभी राहून बघेन.

पाय दुखतील म्हणून काळजी करू नकोस. घरी तरी बसायला काय ठेवलंय तुम्ही काका-पुतणींनी?

लोभ आहेच, तो वाढवायला येतेय,
काकू