पिस्तूल कोणी नेलं

प्रिय कोरीन,

परवा तुझा फोन मी मध्येच ठेवला, त्याचा राग धरू नकोस. तुझे बाबा माझ्या पाठीमागे येऊन उभे होते. आजकाल मी फोनवर बोलायला लागले की ते येऊन उभे राहतात आणि मी कोणाशी काय कट करतेय ते ऐकतात. म्हणून हे पत्र. आत्ता ते खुर्चीत डुलक्या घेतायत, टीव्हीवर गुरांचे भाव चालू आहेत आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेय. दमलेय गं. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे अक्षर वेडंवाकडं दिसलं तर तू काळजी करत बसणार नाहीस.

तू विचारलंस ते आधी सांगते. बर्फ अजून पडलेलं नाही, पण थँक्सगिव्हिंगपर्यंत नक्की पडेल, तेव्हा टेसचे बूट आण. तुझ्या जुन्या खोलीत तिचा पलंग लावलाय. पाच वर्षांची झाली पोर आणि तिनं आपल्या आजोबांना फक्त फोटोत पाहिलंय. डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या, नातीला भेटवायचं असेल तर याच वर्षी भेटवा, पुढच्या वर्षाचं मी काही सांगू शकत नाही. आणि तू फोनवर पुन्हा पुन्हा विचारत होतीस, "आई, त्या पिस्तुलाचं नक्की झालंय ना?" मी दरवेळी म्हणाले, हो गं बाई, झालंय. त्याबद्दल मला बरंच लिहायचंय. पण माझ्या पद्धतीनं येऊ दे तिथवर. एका दमात मला आता काहीच जमत नाही.

बाबांचं डोकं दगा देतंय, पण हात अजून देत नाहीत. आजचा वार विचारलास तर सांगता येणार नाही, पण दाढी अशी गुळगुळीत करतात की लग्नाला निघालेत असं वाटावं. दोरखंडाच्या गाठी मारतात, जाता-येता कुत्र्याचा पट्टा सारखा करतात. गेल्या रविवारी चर्चमध्ये चिलीच्या रश्शाचं आणि दालचिनीच्या रोलचं जेवण होतं. पाद्रीबाबांचा हात हातात घेऊन त्यांनी इतका वेळ हलवला की बिचाऱ्यांना वाटलं आता हे आपल्याला बैल विकणार. लोक हसले, मीही हसले. गाडीत बसल्यावर मात्र त्यांनी मला विचारलं, "तुमचं घर कुठल्या बाजूला आहे?"

तुझं नि बाबांचं भांडण झालं तेव्हा हे सगळं कुठे होतं. टेस तुझ्या पोटात होती आणि तू याच टेबलाशी बसून विचारलंस, बाळाला घेऊन येईन, पण पलंगाशेजारच्या ड्रॉवरमधलं पिस्तूल कुलपात जाईल ना. तू हळूच विचारलं होतंस, ते मला आठवतं. पण ज्या माणसानं तीस वर्षं शाळेच्या व्यायामशाळेत या तालुक्याच्या पोरांना बंदूक धरायला शिकवलं, त्याला ते लागायचंच. "बँकेतल्या माणसाला विचारतेस का, तुला मोजता येतं का म्हणून?" ते म्हणाले. मग म्हणाले, "कुलपातलं पिस्तूल म्हणजे दगड. त्यापेक्षा मी दगडच घेऊन झोपतो उशाशी." आणि तू म्हणालीस, "मग दगडच घ्या." दोघंही एकाच मुशीतून काढलेली. तू कोट घातलास, ते गोठ्याकडे गेले, आणि मी चौघांना पुरेल एवढं मांस ओव्हनमधून बाहेर काढून नुसती बघत बसले.

मी तेव्हा ना तुझ्या बाजूनं बोलले ना त्यांच्या. आजही मला एक बाजू धरता येत नाही. टीव्हीवर दोन्हीकडची माणसं इतक्या तावातावानं बोलतात, की त्यांच्या आयुष्यात फक्त एकच गोष्ट घडून गेली असावी असं वाटतं. माझ्या आयुष्यात दोन्ही घडल्यात. तू नऊ वर्षांची होतीस, बाबा गुरांच्या बाजारासाठी डेन्व्हरला गेले होते, तेव्हा भर दुपारी तो माणूस पहार घेऊन मागच्या दाराशी लागला होता. तुला मी न्हाणीघरात कोंडलं आणि लांब नळीची बंदूक घेऊन दाराच्या आत उभी राहिले. काडतूस सरकवल्याचा नुसता आवाज ऐकून तो पळाला. शेरीफ आला तोवर माझी कॉफी पिऊन झाली होती. त्याचा दोष नाही, त्याला चाळीस मैल यायचं होतं. त्या दिवशी घरात बंदूक नसती तर काय झालं असतं, हा विचार मी आजही पुरता करत नाही.

आणि विल्माचा डॅरेल. कुंपणापलीकडचं घर, माझ्या हातचे रोल खाऊन वाढलेला मुलगा. एकोणीस वर्षांचा, मुलीनं नकार दिला म्हणून गेला. बापाचं पिस्तूल ड्रॉवरमध्ये होतं. साफ करताना उडालं, असं सगळ्या गावानं ठरवलं आणि विल्माच्या तोंडावर तेच म्हणत राहिलं. दफन करून परत येताना तुझे बाबा गाडीत एवढंच म्हणाले, "भरलेलं पिस्तूल कोणी साफ करत नाही, अर्लीन." त्यांनीच त्याला शिकवलं होतं ना. दुसऱ्या दिवशी ते शहरात जाऊन लोखंडी कपाट घेऊन आले आणि सगळ्या रायफली त्यात टाकल्या. ड्रॉवरमधलं तेवढं राहिलं. मी म्हटलं, आणि हे? तर म्हणाले, "हे तुझ्यासाठी आहे."

तर, ऑगस्टमध्ये दवाखान्यातल्या मुलीनं विचारलं, घरात बंदुका आहेत का. बाबांनी तिला विचारलं, "तुमच्या घरात सुऱ्या आहेत का?" तिथे तो विषय संपला. पण मी घाबरले होते, म्हणून गावातल्या ड्वेनकडे गेले. तोच, बंदुका दुरुस्त करणारा. बाबांच्या हाताखाली शिकलेला, अजून त्यांना सर म्हणतो. तो म्हणाला, "काकू, पिस्तूल काढून घेतलंत तर सर घर उलथंपालथं करतील. मी आतली पिनच काढतो. ती गोळीवर आपटते तेव्हा बार उडतो. ती नसली की चाप कितीही ओढा, काही होणार नाही. सरांना त्यांचं पिस्तूल राहील आणि तुम्हाला झोप लागेल." मला ते फार आवडलं. कोणाचाच अपमान नाही, कोणाला धोकाही नाही. त्यानं पिन काढली त्याच दिवशी तुला फोन केला. तू रडलीस, आणि संध्याकाळपर्यंत विमानाची तिकिटंही काढलीस.

ऑक्टोबरात एका दुपारी मी कोंबड्यांना दाणे टाकून आत आले. माझं जाकीट धुवायला टाकलं होतं, म्हणून विल्मानं दिलेलं लाल घातलं होतं. बाबा स्वयंपाकघरात उभे होते आणि पिस्तूल माझ्या छातीवर रोखलेलं. हात जराही हलत नव्हता. "कोण तुम्ही? माझी बायको कुठाय?" कोरीन, मला हसू आलं. खरं सांगते. आत पिन नाही हे मला माहीत होतं ना. मी आरामात म्हटलं, अर्लीन गावात गेलीय, येईलच इतक्यात, मी चर्चमधली, रोल द्यायला आलेय. त्यांनी पिस्तूल खाली घेतलं आणि ओशाळले. "माफ करा हं बाई. बायको घरात एकटी असते, जपावं लागतं." मी त्यांना कॉफी करून दिली. मग त्यांनी मला त्यांच्या बायकोबद्दल सांगितलं. चांगली आहे म्हणाले, फक्त बोलते फार. तेवढ्यावर मी चार दिवस खूश होते. कसं निभावलं मी, असं मनात म्हणत होते.

मग हरणांच्या शिकारीचा हंगाम जवळ आला, म्हणून ड्वेन रायफलींना तेलपाणी करायला आला. जाता जाता त्यानं सवयीनं ड्रॉवरमधलं पिस्तूलही उघडून पाहिलं आणि मागच्या पायरीवर खाली बसला. "काकू, पिन आत आहे." मी म्हटलं, तू काढली होतीस ना. "काढली होती. ही दुसरी आहे. सरांनी घातली." बाबांच्या कामाच्या बाकावर सुट्या भागांचा डबा असतो, तुला माहीत आहे. दर रविवारी पिस्तूल खोलून पुसायची त्यांची सवय. कधीतरी खोलताना पिन नाही असं हाताला कळलं, हातानं डब्यातून शोधली, बसवली. डोक्याला पत्ताच नाही. त्यांना विचारलं तर म्हणाले, "कसली पिन?" मी आणि ड्वेननं मिळून चलाखी केली, आणि ती कोणाशी केली हेच विसरलो. गोळी नळीत होती, ड्वेननं ती काढून माझ्या तळहातावर ठेवली. त्या दुपारी मी तिच्यासमोर उभी राहून हसले होते. आणि तुला सांगितलं होतं की घेऊन ये पोरीला, काही भीती नाही. रात्री बटाटे सोलायला घेतले आणि तसेच ठेवून दिले, नुसता पाव खाल्ला आम्ही.

ड्वेन त्याच दिवशी सगळं घेऊन गेला. रायफली, ते पिस्तूल आणि कपाटातली माझी लांब नळीची बंदूकसुद्धा. तुझं म्हणणं खरं ठरलं असं मी म्हणणार नाही, कारण शेरीफ अजूनही चाळीस मैलांवरच आहे. पहिला आठवडाभर रस्त्यावर गाडीचा आवाज आला की मी दाराशी जाऊन उभी राहायची. पण दाराबाहेरच्या माणसाची भीती आणि घरातल्या माणसाची भीती, दोन्ही सांभाळायचं वय आता राहिलं नाही माझं.

सुटले असं वाटलं होतं. पण बाबा ड्रॉवर उघडून बघतात. सकाळी बघतात, जेवणाआधी बघतात, जेवणानंतर बघतात. मी म्हटलं ड्वेनकडे दुरुस्तीला दिलंय, तर त्याच्याकडे जायला टोपी घालून गाडीत जाऊन बसले. मी म्हटलं हरवलं, तर माझ्याकडे असं बघितलं की मी पुढे बोललेच नाही. मग त्यांचं ठरलं. या घरात एक बाई शिरलीय आणि तिनं पिस्तूल चोरलंय. माझ्या हातची औषधाची गोळी घेईनात, सूप घेईनात. मी वाटी ठेवून बाहेर गेले तर ते कुत्र्याला पाजलं. पँट कमरेवर राहीना. कोरीन, इतकी वर्षं ज्या लोकांसाठी त्यांनी ते पिस्तूल भरून ठेवलं होतं ना, त्या लोकांत आता मी जाऊन बसले. याचं मला काय झालं ते मी लिहू शकत नाही. धुलाईयंत्र चालू करून त्या आवाजात रडून घेते.

आता हे पत्र का लिहिलं ते. गेल्या आठवड्यात असंच वाटी पुढे करून बसले होते आणि ते म्हणाले, "माझं पिस्तूल कुठाय?" माझ्यात काही उरलंच नव्हतं. तोंडातून निघून गेलं, कोरीननं नेलं. त्यांनी मान वर केली. "कोरीननं?" हो. "न विचारता?" हो. टेबलावर मूठ आपटली त्यांनी. "तिनंच नेलं असणार. लहानपणापासून हट्टी कार्टी. येऊ दे तिला, बघतो." आणि चमचा उचलून सगळं सूप संपवलं, गोळ्याही घेतल्या. तेव्हापासून रोज हेच. ते विचारतात, मी तुझं नाव घेते, ते तुझ्यावर चिडतात आणि जेवतात. मी लबाडी केलीय आणि ती तुझ्या माथी मारलीय. पण तू तर रविवारी परत जाशील, मला इथे राहायचंय. या वेळी घरात खरंच काही नाही, टेसला घेऊन ये. दारातच ते तुला पकडतील आणि पोरीसमोर नको नको ते बोलतील. नाही म्हणू नकोस. माझ्याकडे बघू नकोस. मीच नेलं बाबा, असं म्हण आणि ऐकून घे. मला ते कधी नर्स म्हणतात, कधी विल्मा, कधी बाई. तुझं नाव मात्र त्या रागात एकदाही चुकलेलं नाही.

तुझीच,
आई